झोपाळू कॅमेरा

‘सेलवर चालतं ते खेळणं, वायरीवर चालतो तो कॅमेरा.’ चिपळूणच्या बाजारपेठेतल्या माझ्या दुकानाची पायरी जे जे चढले, त्यातल्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. 2008 पासून मी सीसीटीव्ही बसवतोय. दुकानं, बंगले, आंबा पॅक करायच्या शेड, दोन-तीन देवळांच्या दानपेट्या. वाक्य माझंच, आणि त्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. आता ते मागे घ्यायचंय. धंद्यातल्या माणसानं असलं काही छापून कबूल करू नये, असं आमच्या घरातून मत पडलेलं आहे.

गिऱ्हाईक यायचं आणि मोबाइलवर चित्र दाखवायचं. पांढरा, मुठीएवढा कॅमेरा. मागे बॅटरी, वायर नाही, भिंत फोडणं नाही. ‘असा मिळेल काय हो?’ असा एक मी काउंटरवर ठेवलेलाच होता. विकायला नव्हे, हरवायला. ‘तुम्हीच बघा,’ म्हणून मी रस्त्यावर उतरायचो, पायरी चढून झपझप आत यायचो आणि काउंटरला हात लावायचो. मग त्याचं चित्रण मोबाइलवर लावायचं. त्यात मी दारात नसायचोच, एकदम काउंटरपाशी उगवायचो. ‘झोपलेला असतो हा. कोणी आलं की जागा होतो, डोळे चोळतो, मग बघतो. चोर तोवर थांबणार आहे?’ गिऱ्हाईक हसायचं. हसलं की चार कॅमेऱ्यांचं पॅकेज ठरलंच म्हणून समजा.

यात खोटं काही नव्हतं. पण जे सांगत नव्हतो ते पुष्कळ होतं. पहिलं म्हणजे, वायरीच्या मीटरवर आमचं घर चालतं. थ्री-प्लस-वन केबलचं बंडल 90 मीटरचं असतं आणि साध्या बंगल्याला दीड-दोन बंडलं सहज खपतात. वर क्लिपा, पाइप, पॉवर सप्लाय, दोन पोरांची दोन दिवसांची मजुरी. बॅटरीच्या कॅमेऱ्याला लागतात दोन स्क्रू. दोन स्क्रूंची मजुरी मागायची कोणत्या तोंडानं?

दुसरं, तो झोपतो का, हे मी कधीच समजावलं नाही. समजावलं असतं तर गिऱ्हाइकाला त्या कॅमेऱ्याबद्दल आदर वाटला असता. वायरीवरचा साधा बुलेट कॅमेरा रात्रीचे इन्फ्रारेड दिवे धरून पाचेक वॅट खातो. बॅटरीच्या कॅमेऱ्यात 10,000 एमएएचची लिथियम बॅटरी असली तर तिच्यात 36 वॅट-तास वीज मावते. म्हणजे वायरीवाल्यासारखा सतत जागा ठेवला तर सात तासांत आडवा. तीच बॅटरी सहा महिने पुरवायची तर सरासरी वापर एका वॅटच्या शंभराव्या भागाच्याही खाली, पाच वॅटच्या सहाशेव्या हिश्शावर आणावा लागतो. म्हणून तो सगळं बंद करून झोपतो. जागा राहतो तो फक्त समोरचा दुधी रंगाचा मणी, ज्याला आम्ही पीआयआर म्हणतो. समोर अंगाची ऊब हलली की त्याला कळतं, मग तो आतल्या बाकीच्या मंडळींना हलवून उठवतो. त्या उठवण्यात क्षण-दोन क्षण जातात. मी काउंटरवर जी गंमत दाखवायचो ती त्या क्षण-दोन क्षणांची.

आणि माझ्या वायरीच्या गंमती? त्या मी दाखवत नव्हतो. वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस हे आमचे दुरुस्तीचे हंगाम. वीज लांब कुठेतरी पडते आणि शंभर फूट ताणलेल्या केबलमधून तिचा झटका डीव्हीआरच्या पोटात जातो. दसऱ्याच्या आसपास जळके पॉवर सप्लाय बदलून मी दिवाळीचा खर्च काढलेला आहे. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब काडीसारखे मोडले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिकडे माझी काही घरं होती. मालक मुंबईत अडकलेले, सगळीकडे लॉकडाउन. ‘छप्पर राहिलंय का तेवढं बघायचंय हो,’ म्हणून फोन यायचे. माझे चोवीस तास जागे राहणारे कॅमेरे तेव्हा डोळे मिटून भिंतीला चिकटलेले होते. पुढच्याच वर्षी 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं. डीव्हीआर गल्ल्याखाली ठेवायची रीत मीच पाडलेली. चिखलातून काढलेल्या हार्ड डिस्का पिशवीत घालून लोक माझ्याकडे येत होते, आणि मी माझ्याच दुकानातला गाळ उपसत होतो.

पासवर्डचं तर सांगायलाही लाज वाटते. बॅटरीच्या कॅमेऱ्याचं चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर जातं, ‘तुमच्या घराचं चित्र कुठल्या देशात जाऊन पडेल सांगता येत नाही,’ अशी भीती मी घालायचो. आणि माझ्या स्वतःच्या डीव्हीआरना नाव ‘अॅडमिन’, पासवर्ड एक ते सहा आकडे. सगळ्यांना तोच, कारण गिऱ्हाईक विसरलं की रविवारी दुपारी जेवताना फोन मला येतो. 2016 साली ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर असेच लाखांनी ताब्यात घेतले होते. कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते, तेवढ्यावर. ती बातमी मी वाचली होती, दोघा-तिघांना रंगवून सांगितलीही होती. पासवर्ड मात्र तेच राहिले.

हे सगळं ठाऊक असून मत बदललं नाही. मत बदललं काकूमुळे.

आमची काकू गुहागर तालुक्यात, मूळ घरात एकटी राहते. पंचाहत्तरी उलटली. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे खळं, मागे आगर. एक चुलतभाऊ डोंबिवलीला, दुसरा पुण्याला. 2023 च्या दिवाळीनंतर डोंबिवलीच्या दादाचा फोन आला. खळ्यात वाळत घातलेली सुपारी आदल्या हंगामात दोन पोती गेली होती, आणि यंदा पुन्हा जाणार अशी त्याची खात्री होती. सुपारीला चाळीसेक दिवस ऊन द्यावं लागतं. एवढे दिवस ती उघड्यावर पसरलेली, आणि राखणीला एक म्हातारं माणूस. ‘चार कॅमेरे टाक. पैशाचं बघू नको. मला इथं बसून सगळं दिसलं पाहिजे.’ मी खूश. घरचं काम आणि वर पैशाचं बघू नको.

टेप घेऊन गेलो. माळ्यावरून केबल न्यायची म्हणजे ती उंदरांच्या नावावरच ओढायची, म्हणून पाइप धरला. आगराच्या कडेनं बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, एक, न्हाणीच्या बाजूनं मागच्या दाराला एक, खळ्यावर एक, पडवीत एक. एकशे चाळीस मीटर झालं. काकू चहाचा कप घेऊन माझ्यामागून फिरत होती.

‘हे रात्रंदिवस बघत बसणार?’

‘चोवीस तास. एक क्षण सुटायचा नाही,’ मी म्हटलं. हे वाक्य म्हणताना माझी छाती थोडी पुढे येते, असं पोरं म्हणतात.

‘आणि बघणार कोण?’

‘दादा. डोंबिवलीतनं.’

ती पडवीच्या पायरीवर बसली. ‘दुपारची मी इथं केस विंचरत बसते. पाय सोडून बसते. कधी एकटीच बडबडते. ते त्यानं कशाला बघायचं? तो बघणार म्हणजे सूनबाई बघणार. तिच्याकडे कोणी आलेलं असलं तर ते बघणार.’ मग थोड्या वेळानं, ‘नको रे बाबू. गेली सुपारी तर गेली.’

पंधरा वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणजे कोणी म्हटलं असेलही, पण पैसे देणाऱ्यानं नव्हतं म्हटलं, म्हणून मला ऐकू आलं नव्हतं. मी कितीतरी घरांत स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून कॅमेरे लावलेत. मालक सांगायचा कुठे, मी भोक पाडायचो तिथे. घरातली बाई पदर सावरून बाजूला व्हायची.

मी जरा चिडूनच म्हटलं, ‘मग काय, ते बॅटरीचं खेळणं लावू? ते झोपलेलंच असतं.’

‘झोपतं?’

‘कोणी हललं तर उठतं. दहा-पंधरा सेकंद बघतं, परत झोपतं. तुझ्या फोनवरून पार बंदही करता येतं.’

‘मग ते चालेल,’ काकू म्हणाली. ‘माणसासारखं आहे.’

काउंटरवर ज्या गोष्टीवरून मी गिऱ्हाइकांना पाचशे वेळा हसवलं, तेवढ्या एका गोष्टीसाठी ते यंत्र त्या घरात शिरलं. मी मात्र तेव्हा एवढंच म्हटलं मनात की, चला, एकशे चाळीस मीटर गेलं.

डिसेंबरात बसवला. एकच, कारण काकूनं एकच कबूल केला, आणि अट घातली की मागच्या दाराला नाही, न्हाणीच्या वाटेवर नाही. बरोबर मेमरी कार्ड घातलं, म्हणजे सर्व्हरचं महिन्याचं भाडं नको आणि चित्रण घरातच राहील. वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर ठेवलं; 5 चं चिऱ्याच्या हातभर भिंतीत जीव सोडतं. चिऱ्यात ड्रिल घालणं मात्र सुखाचं काम. तांबडी माती भुरुभुरु गळते, आवाज नाही, झटका नाही. पण धरही नाही, म्हणून गिट्टी लांबीची घ्यावी लागते. आठ फुटांवर, जरा खाली वाकवून, बेड्याच्या बरोबर समोर बसवला. वायरीवाल्याला हीच जागा उत्तम, येणारा समोरासमोर दिसतो. वीस मिनिटांत काम उरकलं आणि मी घावनं खाऊन चिपळूणला परतलो.

एकोणिसाव्या दिवशी काकूचा फोन. ‘तुझा झोपाळू मेला.’

खोक्यावर सहा महिने लिहिलेलं! मला तर मनातून आनंद झाला, खेळणं ते खेळणंच. जाऊन कार्ड काढून बघितलं तर दिवसाला दोनशे-दोनशे तुकडे, आणि प्रत्येकात काकूचं जांभळं पातळ. खळ्यातल्या दोरीवर वाळत घातलेलं, उन्हानं तापलेलं, वाऱ्यावर हलणारं. पीआयआरला काय, ऊब हलली की माणूस आला. प्रत्येक हेलकाव्याला बिचारा दचकून उठत होता. खोक्यावरचे सहा महिने कंपनी दिवसाला मोजकंच चित्रण धरून सांगते. त्यात कोकणातला वारा आणि दोरीवरचं पातळ धरलेलं नसतं. आणि ज्या तुकड्यांत खरंच माणसं होती, त्यांत पोस्टमन बेड्यात नव्हताच, थेट पायरीवर उगवला होता. परत फिरताना त्याची पाठ मात्र अगदी स्वच्छ.

तिथे पहिल्यांदा मी त्या कॅमेऱ्याला कॅमेरा म्हणून वागवलं. वायरीवाल्याच्या सवयीनं मी तो लावला होता, चूक माझी होती. पीआयआरला समोरून सरळ अंगावर येणारा माणूस उशिरा कळतो. आडवा जाणारा लगेच कळतो, कारण त्याची ऊब मण्याच्या एका पाकळीतून दुसरीत जाते. मग जागा बदलली. घराच्या कोपऱ्यावरून, बेड्यापासून पायरीकडे येणारी पाखाडी आडवी कापेल असा फिरवला. अॅपमध्ये दोरीचा भाग क्षेत्रातून वगळला, संवेदनशीलता एक घर खाली आणली. पोस्टमन आता तिसऱ्या पायरीपासून दिसतो, तोंडासकट.

चैत्र-वैशाखाच्या दुपारी मात्र त्याचं काही चालत नाही. खळ्याची जमीन माणसाच्या अंगाइतकी, कधी त्याहून जास्त तापते, मग मण्याला माणूस आणि जमीन यांत फरक कळत नाही. काकू भर दुपारी खळं ओलांडते ते त्याला निम्म्या वेळा समजतच नाही. त्याबद्दल तिची तक्रार नाही.

उरला प्रश्न बॅटरीचा. बॅटरी भरायची म्हणजे आठ फुटांवरून कॅमेरा उतरवायचा, आणि शिडीवर चढणार कोण? हा प्रश्न खोक्यावर नसतो. तरण्या माणसाला तो सुचतही नाही. म्हणून दक्षिणेकडे तोंड करून पुस्तकाएवढं सोलर पॅनल लावलं. त्याच्या वायरीला कॅमेऱ्यात शिरण्याआधी खाली पोट दिलं, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत पोटाशी येऊन गळतं, आत जात नाही. कॅमेऱ्यावर आयपी 66 लिहिलेलं असतं. त्यातला पहिला सहा धुळीचा, दुसरा पाण्याच्या जोरदार माऱ्याचा. पण तो शिक्का चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच नीट दाबलेलं असेल तरच खरा. गिऱ्हाइकांचे पाणी जाऊन मेलेले जितके मी उघडले, त्यातल्या बहुतेकांचं बूच लोंबत होतं.

माघातल्या एका रात्री वीज गेली होती. वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की फोनवर सूचना येत नाही. डोंबिवलीला काही कळलं नाही, काकूलाही नाही. सकाळी खळ्यात भरलेलं पोतं आडवं पडलेलं, आणि सुपारीच्या मधोमध माणूस चालल्याची वाट. तिनं फोनवर कार्ड उघडलं. पावणेचारची वेळ, बारा सेकंदांचा तुकडा. तो बेड्यातून आलेलाच नव्हता, आगरातून, कॅमेऱ्याच्या खालून आला होता. त्यामुळे दिसली ती पाठ. डोक्याला टॉवेल, खांद्यावर पोतं. चौथ्या-पाचव्या सेकंदाला कॅमेऱ्याचा दिवा लागतो. तो थबकतो. मागे वळून बघत नाही. पोतं खांद्यावरून हळू खाली ठेवतो, टाकत नाही, ठेवतो, आणि अंधारात जातो. बारा सेकंद संपतात.

वीज नसताना, नेट नसताना, साऱ्या वाडीत अंधार असताना तो उठला होता. माझे वायरीवाले चारही त्या रात्री झोपले असते, आणि ते परत कधी उठतील हे वायरमनला विचारावं लागलं असतं.

मी त्याच दिवशी गेलो. तुकडा पाच-सहा वेळा बघितला. पाठच दिसते. काकू शेजारी उभी होती. तिनं एकदाच बघितलं होतं म्हणाली. मी विचारलं, ‘चालीवरून काही कळतं?’

‘पाठीवरून कोण ओळखणार,’ ती म्हणाली, आणि पोतं उचलायला लावलं. पोतं उचलून देईपर्यंत फोन तिच्या हातात गेला होता. नंतर बघितलं तेव्हा तो तुकडा नव्हता. दोन दिवसांनी आगरातले दोन नारळाचे घड तिनं कोणाच्या तरी घरी पाठवल्याचं कानावर आलं. कोणाच्या, ते मी विचारलं नाही. त्यानंतर सुपारी गेलेली नाही. दादाला एवढंच माहीत आहे की कॅमेरा लावल्यापासून चोरी थांबली.

त्या रात्री वायरीचे चार कॅमेरे आणि मोठा यूपीएस असता तर आगराच्या बाजूनं त्याचं तोंड मिळालं असतं, हे मी नाकारत नाही. ते दादाच्या फोनवर गेलं असतं, तिथून पोलिसांत, तिथून गावाच्या ग्रुपवर. ते चांगलं झालं असतं की वाईट, याचा निवाडा करायला मी कोण? पण निवाडा कोणाच्या हातात असावा हा प्रश्न मी तोपर्यंत कधी स्वतःला विचारला नव्हता. मी फक्त मेगापिक्सेल विचारायचो.

मागे एकदा वाचलं होतं, ते तेव्हा आठवलं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या नर्सबाई राहत. त्यांच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, घरात एकटं राहायची भीती. 1966 मध्ये दोघांनी घरासाठीच्या कॅमेऱ्याच्या पेटंटला अर्ज केला, आणि 2 डिसेंबर 1969 ला ते मंजूर झालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आणि चित्र उमटणार ते आतल्या खोलीतल्या पडद्यावर. म्हणजे घरात बसलेली बाई बाहेर कोण आलंय ते बघणार. आम्ही धंदेवाल्यांनी ते कधी उलटं करून ठेवलं कोण जाणे. बाहेरगावी बसलेला घरातल्या बाईला बघतो, आणि त्याला आम्ही सुरक्षा म्हणतो.

आता कॅमेऱ्याचं मुख्य खातं काकूच्या फोनवर आहे, दादा पाहुणा. सुरुवातीला त्याला स्पीकरवरून बोलताही यायचं. एकदा सकाळी खळ्यात वांदर उतरले, सूचना लोकलमध्ये उभ्या असलेल्या दादाला गेली आणि त्यानं डब्यातूनच ‘हाऽऽड’ करून आरोळी ठोकली. वांदर ढिम्म हलले नाहीत. काकूच्या हातातलं सूप पडलं. तेवढी सोय तिनं माझ्याकडून बंद करून घेतली.

2024 चा पाऊस ही खरी परीक्षा होती आणि तीत तो काठावर पास झाला. आषाढात आमच्याकडे आभाळ दहा-दहा दिवस उघडत नाही. पॅनल होतं, ऊन नव्हतं, त्यात पॅनलवर हिरवं शेवाळ धरलं. बॅटरी चौदा टक्क्यांवर आली तेव्हा शेजारचा मुलगा शिडी लावून चढला, कॅमेरा काढून रात्रभर चार्जरला लावला. श्रावणात पुन्हा एकदा. दोनदा चढावं लागलं पावसाळ्यात, बाकी वर्षभर नाही. कोळी मात्र बारमाही. रात्रीच्या इन्फ्रारेडवर किडे येतात, किड्यांसाठी कोळी भिंगासमोरच जाळं विणतो, आणि मग चित्रात जाळंच पांढरंफेक दिसतं, मागचं सगळं अंधारात जातं. त्यावर उपाय आठवड्याला एकदा केरसुणी. राउटरला छोटा यूपीएस दिला, त्यामुळे वीज गेली तरी तीन-चार तास सूचना येतात.

दुकानात आता मी ते खेळणं काउंटरवर हरवायला ठेवत नाही. सोनाराला, पेट्रोलपंपाला, बाजारपेठेतल्या दुकानाला अजून वायरच ओढतो आणि ओढणार. तिथे दिवसभर माणसांची ये-जा, बॅटरी आठवडाभरही टिकायची नाही, आणि तिथे एक क्षण सुटणं खरंच महाग पडतं. रस्त्यावर तोंड करून बॅटरीचा लावायचा म्हटलं तर हातच जोडतो. पण गावाकडचं घर, बागेतली खोली, विहिरीवरचा पंप, गोठा, जिथे दिवसाकाठी दहा माणसं फिरकत नाहीत, तिथे आता मीच म्हणतो की वायर नको. बॅटरी काढता येणारी घ्या, एक जादा ठेवा. कार्डाची सोय असलेलाच घ्या. एप्रिल 2025 पासून बनलेल्या किंवा आयात झालेल्या, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना विक्रीआधी सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची आहे, तेव्हा कुठलंही स्वस्तातलं उचलू नका. पासवर्ड माझ्यासमोर बदला आणि मला सांगू नका. रविवारचे फोन वाढलेत, ते चालायचंच.

आणि टेप बाहेर काढण्याआधी विचारतो, घरात कोण कोण राहतं? त्यांना विचारलंय का? मालकांना हे आवडत नाही. ‘माझं घर आहे,’ म्हणतात. मग 2025 सालच्या निकालाचं सांगतो. कलकत्त्याला एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद होता, आणि उच्च न्यायालयानं म्हटलं की बरोबर राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. कोर्टाचं नाव काढलं की माणूस पटकन ऐकतो. काकूचं नाव काढून तेवढा उपयोग होत नाही.

परवा तिच्याकडे गेलो होतो. कॅमेऱ्याशेजारी एक खिळा मागितला तिनं, ‘जरा खाली, हात पोचेल असा.’ कशाला, तर वाशाला टांगलेली काठी अडकवायला. काठीच्या टोकाला अर्धी करवंटी बांधलेली. दुपारी केस मोकळे सोडून बसायचं असलं की ती करवंटी काठीनं कॅमेऱ्यावर चढवते. फोनवरून बंद करता येतं, ते मी पुन्हा शिकवलं. ‘ते येतं मला. पण हे दिसतं,’ म्हणाली. मी खिळा मारून दिला.

संध्याकाळी दादाचा फोन आला. ‘अरे, दुपारी तासभर नुसता काळोख दिसत होता. बिघडला काय?’

‘नाही रे,’ मी म्हटलं, ‘बॅटरीचे असेच असतात. दुपारचे जरा झोपतात.’